तुम्ही शिकवलेलं ‘नको’

वहिनी,

मागच्या मंगळवारी सकाळी तुम्हाला अंगणात आणून ठेवलं, तेव्हा मी स्वराला म्हणालो, “काकूच्या पाया पड.” तिने लगेच तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. साडेचार वर्षांची पोर, मेलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होती, पण एक पाऊलही मागे सरली नाही. उठली, हात जोडले आणि वळून माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं ना म्हणून. शेजारच्या बायका म्हणाल्या, “किती गुनाची पोर हाय. वळण बघा.” मी तिथून उठलो आणि मागच्या बाजूला पेंढ्याच्या माचाआड जाऊन उभा राहिलो. दादा माझ्या मागे आला. त्याला वाटलं, मी तुमच्यासाठी रडतोय. तुमच्यासाठी रडतच होतो. पण तिने त्या वेळी “नको” म्हणायला हवं होतं असंही वाटत होतं. “भीती वाटते, नको” म्हणून आईच्या, मनीषाच्या मागे लपली असती तर मला बरं वाटलं असतं. तुमच्याकडे होती तेव्हा ती तसं म्हणाली असती.

आज नववा दिवस. घरात माणसं येतात, तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. मी त्यांच्यात बसतो, चहा पुढे करतो. बोलत नाही. बोलायला लागलो तर सगळंच सांगावं लागेल.

तुम्ही लग्न होऊन दहिवलीहून आमच्याकडे आलात तेव्हा मी सातवीत होतो. नाक पुसायचीही शुद्ध नव्हती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, “भावजी, तुमी जेवलात का?” मी मागे वळून बघितलं, कोणी मोठं माणूस आलंय की काय. आई चुलीपुढून हसली, “त्याला काय तुमी म्हनतेस गं? बेडूक हाय तो.” तुम्ही मान खाली घालून म्हणालात, “बेडूक असला तरी दीर हाय माजा.” पुढे वर्षभर दादा मला बेडूक म्हणत होता. पण त्या दिवशी जेवताना मी मांडी घालून ताठ बसलो होतो. ताटातलं एक शीत खाली सांडू दिलं नव्हतं. मला कोणी नीट बस असं सांगितलं नव्हतं. हे मला आत्ता, पस्तीस वर्षांनी आठवतंय. तेव्हाच लक्षात राहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

स्वरा आम्हाला लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. मनीषाची नोकरी पनवेलला, माझी पाळी मोहोपाड्याच्या कारखान्यात. पोरीला ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला तेव्हा दादा म्हणाला, “परकी बाई कशाला रं? हिच्याकडं ठेव.” तुम्ही मला हो किंवा नाही म्हटलं नाहीत. तिच्यासमोर खाली बसलात आणि तिलाच विचारलंत, “बाय, ऱ्हाशील का गं माज्याजवळ?” दीड वर्षाची पोर! तिने तुमच्या बांगड्या ओढल्या. तुम्ही म्हणालात, “हां, ऱ्हाते म्हनते.”

तेव्हापासून रोज सकाळी चौक फाट्यावरून बाइकने तिला तुमच्याकडे गावी सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचं. दीड वर्ष हे चाललं. त्या दीड वर्षात मी तुमची जेवढी चेष्टा केली तेवढी आयुष्यात कुणाची केली नसेल.

करण्यासारखीच होती, असं मला वाटायचं. ती चादर अंथरून खेळत असली की तुम्ही चादरीच्या कडेला उभ्या राहून विचारायचात, “येऊ का?” तिने मान हलवली तरच बसायचात. उचलायच्या आधी “उचलू का?” नाक पुसायच्या आधी “पुसू का?” एकदा तिच्या हातात तुमची पळी होती आणि चुलीवर आमटी उतू जात होती. तुम्ही हात पुढे करून उभ्या. “देतेस का बाय?” “नको.” “बरं. मंग कदी देशील?” मी दारातून म्हटलं, “वहिनी, आमटी जळाली तरी चालेल, पण महाराणींची परवानगी पाहिजे!” तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. म्हणालात, “जळू द्या. आमटी परत करता येते.”

आमच्या कॉलनीतल्या घरी फ्रिजवर एक तक्ता होता. प्लीज, थँक्यू, सॉरी, गुड मॉर्निंग. ती एक शब्द बोलली की मनीषा एक चांदणी चिकटवायची. मी तो तक्ता तुम्हाला मोबाइलवर दाखवला होता. तुम्ही नावं ठेवली नाहीत. “चांगलं हाय की. शिकवा. पन आधी तुमी तिला म्हना.” “काय?” “ह्येच, पिलीज नि थँक्यू. तिला कोन म्हनतं का?” मी हसलो होतो. तुम्हीही हसलात. तेव्हा आपल्यात हसण्यासारखं अजून पुष्कळ होतं.

आणि ते तुमचं ‘नको’. पोरं नको म्हणतात ते किंचाळून, अंग टाकून, हातातलं फेकून. तुम्ही तिला त्याचीही रीत शिकवलीत. नको म्हणायचं तर उभं राहायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, हळू बोलायचं आणि त्याच्याजागी आपल्याला देता येण्यासारखं दुसरं काहीतरी द्यायचं. पेरू द्यायचा नसेल तर फोड द्यायची. मांडीवर बसायचं नसेल तर शेजारी बसायचं. पापी द्यायची नसेल तर नमस्कार करायचा. एकदा मी लवकर आलो तेव्हा तुमची तालीमच चालली होती. तुम्ही डोक्यावर पदर घेऊन घराला वळसा घालून आलात, कमरेवर हात ठेवलात आणि नाकातून म्हणालात, “अगो बाई, हीच का ती? ये गो, मुंबयच्या आत्याला पापी दे!” स्वरा दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. “नको. नमत्ते.” आणि पाट पुढे सरकवला. तुम्ही पाटावर बसलात आणि दोघी एकमेकींवर पडून हसलात. मग तुमची नजर माझ्यावर गेली आणि तुम्ही पदर सारखा करत आत पळालात.

त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, “वहिनी, ही सगळ्यांना नको म्हणायला शिकली तर माणसं तिला उद्धट म्हणतील. मोठ्यांना नको म्हणतात का?” तेव्हा तुम्ही भाताचं सूप खाली ठेवलंत. “भावजी, माजी दोगं बगा. लहानपनी मी मान दाबून पाया पडायला लावलं. कुनी काय मागितलं की द्यायला लावलं. समदं गाव म्हनायचं, काय गुनी पोरं. आता पुन्याला हायत. फोनवर समद्याला हो म्हनतात. येतो आई. पाठवतो आई. आन् येत नायत. नाय म्हनायला शिकवलंच नाय ना मी. मंग त्येंनी काय करायचं? हो म्हनून गप ऱ्हातात.” मी म्हटलं, ते वेगळं. तुम्ही म्हणालात, “वेगळं कसं काय?” मला घरी निघायचं होतं. मी बाइकला किक मारली. आपला तो वाद तिथेच राहिला.  

ती पोपटी तुम्हाला मरेपर्यंत आठवत असणार. मला ती रोज आठवते.

स्वराला तीन पूर्ण झाली होती. माझ्या बढतीचं चाललं होतं आणि आमच्या साहेबांनी सहज विचारलं होतं, तुमच्याकडे शेतात मडक्यात शेंगा भाजून पोपटी करतात ना? मी त्यांना बायको-मुलांसकट बोलावून आलो आणि तुम्हाला मग सांगितलं. तुम्ही दोन दिवस राबलात. वालाच्या शेंगा तुम्ही खुडल्यात, मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला तुम्ही आणलात, दादाने मडकं भरलं. संध्याकाळी शेतात पेंढा पेटवला. खाट टाकली होती, तिच्यावर साहेब बसले. चांगला माणूस. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी स्वराला बघून हात पुढे केले, “ये बेटा. अंकलला एक पापी दे बघू.”

स्वरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तोंडाकडे बघितलं. म्हणाली, “नको. नमस्ते.” हात जोडले. मग पानावर काढून ठेवलेल्या शेंगांतली एक शेंग उचलून त्यांना दिली.

साहेब हसले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अरे वा, वकील होणार ही.” आजूबाजूचे चारजण हसले. आज मला कळतं की ते कौतुकाने हसले. तेव्हा मला ते माझ्यावर हसल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “स्वरा, असं नाही करायचं. अंकलना पापी दे.” “नको.” “देतेस की नाही?” तिने तुमच्याकडे बघितलं. ते मला सहन झालं नाही, वहिनी. बाप समोर असताना ती तुमच्याकडे बघते! मी तिला उचललं, साहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि मागून तिचं डोकं धरून तिचा गाल त्यांच्या गालाला लावला. ती लाकडासारखी झाली. रडली नाही. साहेब म्हणत होते, अहो, राहू दे, राहू दे. आणि तिने त्यांच्या पँटवर शू केली.

त्यानंतर मी जे बोललो ते मी मनीषापुढेही पुन्हा काढलेलं नाही, ती तिथेच होती तरी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “वहिनी, हे तुमचं वळण. तुमच्या घरात चालत असेल हे. माझ्या मुलीला चारचौघांत न्यायची आहे मला.” तुम्ही पाण्याची कळशी घेऊन येत होता. साहेबांच्या पायावर पाणी घातलंत, दादाचा धुतलेला टॉवेल दिलात. मग स्वराकडे गेलात. ती उभीच होती, ओल्या चड्डीत. “बदलू का?” तुम्ही तिला विचारलंत. तेवढ्यातही विचारलंत. आणि जाता जाता मला एवढंच म्हणालात, “भावजी, तिनं नीट सांगितलं व्हतं.”

सोमवारपासून मी तिला मोहोपाड्याच्या नर्सरीत घातलं.

शाळा चांगलीच आहे. तिथल्या बाई प्रेमळ आहेत. शाळेला मी दोष देत नाही. स्वरा भराभर शिकली. तक्त्यावर चांदण्या चिकटवायला जागा उरली नाही. मी सांगेन त्याच्या पाया पडायची, म्हणेन त्याला पापी द्यायची. कॉलनीत लोक म्हणायचे, तुमची मुलगी म्हणजे कमाल. आणि मला बढतीही मिळाली. पोपटीमुळे ना मिळाली, ना अडली. साहेबांनी तो प्रसंग पुन्हा काढला नाही. एकदाच विचारलं, “तुमच्या वहिनी कशा आहेत? शेंगा फार छान होत्या.”

तुम्ही दोनदा आमच्याकडे आलात. एकदा चिकू घेऊन, एकदा वाल सोलून. तुम्ही काही धरून ठेवलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. दुसऱ्या वेळी स्वरा हॉलमध्ये चादरीवर ठोकळे मांडून बसली होती. तुम्ही चपला काढल्यात, चादरीच्या कडेला येऊन थांबलात आणि विचारलंत, “येऊ का?” तिने तुमच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. काय म्हणू, असं. तुम्ही ते बघितलंत आणि तुम्ही ते बघितलंत हे मी बघितलं. मी टीव्हीचा रिमोट शोधायला लागलो. “ये म्हण काकूला,” मी म्हटलं. “ये काकू. थँक्यू फॉर कमिंग,” ती म्हणाली. तुम्ही चहा अर्धा ठेवून निघालात. बस चुकेल म्हणालात. त्या वेळेला बस नव्हती, मला ठाऊक होतं.

मनीषा महिनाभर मागे लागली होती, “अहो, वहिनींना एक फोन करा. तुम्हीच करायला पाहिजे.” मी करतो म्हणायचो.

मे महिन्यात तुम्हाला कर्जतला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी दोनदा येऊन गेलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही बऱ्या होता, उशीला टेकून बसल्या होता. दादा औषध आणायला खाली गेला होता. खोलीत आपण दोघंच. बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं. तुम्ही विचारलंत, “बाय कशी हाय?” मी म्हटलं, “मजेत.” तुम्ही विचारलंत, “नको म्हनते का अजून?”

आणि मी, वहिनी, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणालो, “नाही हो. आता सगळं ऐकते. शहाणी झाली.”

तुम्ही “बरं” म्हणालात. पाणी मागितलंत. पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडलात. मला वाटलं, दमलात. मी दादा येईपर्यंत मोबाइल बघत बसलो.

आता जे सांगतो ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगायचं होतं ते हेच.

तुम्ही घरी गेलात त्यानंतरची गोष्ट. आंघोळ घालताना मनीषाला स्वराच्या दंडावर दातांचे व्रण दिसले. वरचे खालचे, पूर्ण गोल, निळे पडलेले. मनीषाने मला हाक मारली. “कोण चावलं?” “माझ्या शेजारी बसतो तो.” “मग तू बाईंना सांगितलं नाहीस?” “त्याने विचारलं होतं.” “काय विचारलं होतं?” “चावू का म्हणून. मी हो म्हटलं.” मी विचारलं, “हो का म्हटलंस?” तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, “तो प्लीज म्हणाला ना, पप्पा.”

“दुखलं नाही?”

“खूप दुखलं.”

मी मोरीच्या उंबऱ्यावर खाली बसलो.   त्या रात्री मी ठरवलं, रविवारी वहिनींकडे जायचं, पोरीला घेऊन जायचं, सगळं सांगायचं. पाया पडायचे. म्हणायचं, हिला परत तुमच्याकडे ठेवा, शाळा सुटल्यावर तरी ठेवा, जे मोडलंय ते तुम्हीच नीट करा. रविवारी जादा पाळी आली. पुढच्या रविवारी वाटलं, लावणीची गडबड असेल, घरात माणसं असतील, चारचौघांत कसं बोलायचं. शेतातल्या त्या संध्याकाळी चारचौघांत बोलायला मला काही वाटलं नव्हतं. मग मंगळवारी पहाटे दादाचा फोन आला.

तुमचं हृदय एवढं कमजोर झालं होतं हे दादालाही नीट माहीत नव्हतं. मी कुणाला विचारायला हवं होतं? तुमचे दोघे मुलगे पुण्याहून आले. धाकटा सारखा म्हणत होता, “परवाच आईला म्हटलं होतं, येतो म्हणून.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघं एकाच रांगेतले, असं त्याला सांगावंसं वाटलं.

तुमचे उपकार मोजत बसणार नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. फक्त एक सांगतो. त्या दीड वर्षात संध्याकाळी मी स्वराला न्यायला यायचो तेव्हा ती कधी धावत यायची, कधी “पप्पा, थांबा” म्हणून मातीत खेळत बसायची. मी चिडायचो. तुम्ही मला चहा द्यायचात आणि म्हणायचात, “थांबा की. तिचं व्हऊ द्या.” त्या चहाच्या वेळा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या वेळा होत्या. मला कुणी थांब म्हणू शकतं आणि मी थांबू शकतो, हे मला तेव्हा तुमच्या ओट्यावर कळत होतं.

काल दुपारी दादाचा डोळा लागला होता. मनीषा भांडी घासत होती. स्वरा पडवीत एकटी खडूंनी चित्र काढत बसली होती. मी चटईच्या कडेला गेलो आणि विचारलं, “येऊ का?” “हो पप्पा,” ती म्हणाली. आजकाल मी काहीही विचारलं की ती हो म्हणते. मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, “मला तुला काहीतरी सांगायचंय.” तिने खडू खाली ठेवला, मांडी घातली, हाताची घडी केली.

मी सांगितलं. म्हटलं, तू लहान होतीस तेव्हा शेतात पोपटी होती. एका अंकलनी तुझ्याकडे पापी मागितली. तू नको म्हणालीस. छान म्हणालीस, काकूने शिकवलं होतं तसं. पप्पांनी ऐकलं नाही, तुला जबरदस्तीने त्यांच्या मांडीवर बसवलं. मग काकूलाही सगळ्यांसमोर बोलले. काकूची काही चूक नव्हती. तुझीही नव्हती. पप्पांची होती. काकूला मी हे सांगू शकलो नाही. तुला सांगतोय. सॉरी, बाळा.

“इट्स ओके, पप्पा.”

माझा शेवटचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आधी तिने ते म्हटलं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवत असतं तरी तिने तेच आणि तेवढ्याच चटकन म्हटलं असतं. मी म्हटलं, “लगेच तसं म्हणायलाच पाहिजे असं नाही गं. राग आला तर राग आला म्हणायचं. इट्स ओके वाटत नसेल तर नाही म्हणायचं.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला काय ऐकायचं आहे ते शोधत होती.

“मग काय म्हणू?” तिने विचारलं.

वहिनी, मी सांगितलेलं काहीही ती म्हणाली असती. मी “जा, काढ तुझं चित्र” म्हणेपर्यंत तिने खडू उचलला नाही.